रविवारची कळ

रविवार, ४

भांडी घासायची पाळी नणंदेची, लगेच छातीत कळ! गेल्या वेळी कंबर, त्याआधी डोकं. त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, गेल्यापासून वीस वर्षं आम्ही दोघीच. तेव्हापासून हेच चाललंय. मी म्हटलं, "वन्सं, नाटक कंपनी काढा, मी पडदा ओढते." हसल्या. कपाळावर घाम होता. तरी त्यांनीच घासली सगळी. कढईसुद्धा.

सोमवार, ५

वन्सं दिवसभर आडव्या. गणवेशाची शिलाई मी एकटीनं ओढली. "महाराणी, वारा घालू का?" म्हटलं.

बुधवार, ७

काजं करता करता वन्सं मशीनवरच कोसळल्या. ओठ निळे. शेजारच्या सुतारानं टेम्पोतून दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाई उभ्या उभ्याच बोलल्या. झटका रविवारीच येऊन गेलाय. हृदयाचा तेवढा भाग मेला, मऊ पडला, आज फाटला. बाहेरच्या पिशवीत रक्त साठतंय, हृदयाला हलायला जागा नाही. आत्ताच्या आत्ता उघडून ठिगळ लावायचं.

मी विचारलं, "विरलेल्या कापडाला टाका धरतो का?"

बघतच राहिल्या. "नाही धरत. म्हणून मोठं ठिगळ घ्यायचं, कडेच्या धड भागाला शिवायचं. तरी उसवू शकतं, मावशी. बरेचजण वाचत नाहीत."

तीस वर्षं ठिगळं लावतेय. किती उसवतात ते मला नका सांगू.

सही केली.

बुधवार, दुपार

चार तास झाले. बाकावर बसलेय. कानात एकच आवाज — कढई घासल्याचा. मी घासायला लावली. मी.

गुरुवार, ८

ठिगळ बसलं म्हणतात. शुद्ध नाही. नळ्याच नळ्या. कानाशी म्हटलं, "वन्सं, पुरे झालं आता नाटक." सिस्टर हसली. मी बाहेर जाऊन बाकावर बसले.

शुक्रवार, ९

पुन्हा रक्त पाझरतंय. देवा, माझी जीभ ने, त्यांना ठेव.

शनिवार, १०

पाझर थांबला. डोळे मात्र उघडत नाहीत. कपडे आणायला घरी गेले. कढई लख्ख. हात लावला नाही.

मंगळवार, १३

घशातली नळी काढली. आवाज फुटायला वेळ लागला. माझा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, रविवारी काहीच दुखत नव्हतं गं. खोटंच बोलले होते. बुधवारीच काय ते झालं."

मी म्हटलं, "वाटलंच होतं मला. नाटकी कुठल्या."

डोळे मिटून घेतले त्यांनी. वीस वर्षांत इतकं वाईट नाटक केलं नव्हतं.