चिंचोक्याची खळ

तीर्थरूप अण्णा,

तुमच्या लेकीनं, ज्ञानूनं, जर्मनीतून तुमच्या पायावर डोकं ठेवलं असं समजा. सोमनाथ, अण्णांना मोठ्यानं वाचून दाखव.

अण्णा, माझी निवड झाली! कापड किती ताणलं की कुठं फाटतं, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं संशोधन. चार वर्षं, पगारी!

आन हे झालं तुमच्यामुळं. निवडीसाठी इथल्या सरांनी एक कापड दिलं होतं. माझं गणित म्हणायचं, लवकर फाटंल. ताणायच्या मशीनवर तर ते लई वेळ टिकायचं. दोन दिवस डोकं धरून बसले. मग आठवलं, घोंगडीच्या उभ्या धाग्यांना तुम्ही चिंचोक्याची खळ लावता. मग एक तुटला तरी शेजारचे त्याला धरून ठेवतात. ह्या कापडालाबी तसंच कायतरी लावलेलं होतं, आन मी प्रत्येक धागा सुटा धरला होता! चिकटपणा मांडला आन उत्तर जुळलं. सरांनी विचारलं, "कोणत्या पुस्तकात वाचलं?" म्हणलं, "पैठणला, आमच्या घरच्या मागावर."

थंडीची काळजी करू नका. दिवसाबी घोंगडी पांघरून बसते, एवढंच.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? सोमनाथनं धाडलेल्या फोटोत माग मोकळा दिसला. सोमनाथला विचारलं की तो विषय बदलतो.

सरांना घोंगडीचा तुकडा पाहिजे, मशीनवर फाडून बघायला. माझ्याजवळ घोंगडी नाय म्हणून खोटंच सांगितलं. तुम्हाला नीट दिसायला लागलं की हातभर विणून पाठवा. दुसऱ्यानं विणलेलं मी लगेच ओळखीन.

तुमची,
ज्ञानू