चांगल्या घरची बॅटरी

१० ऑगस्ट, रविवार

मी कोणावर जळत नाही. हे एकदा लिहून ठेवलेलं बरं.

काल सासऱ्यांचा इन्व्हर्टर बंद पडला. अण्णाजींनी फोन कोणाला करावा? मी देवळीतच, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे माझं, दिवसभर मशीनशीच गाठ. पण फोन गेला निकेशला, अल्लीपूरला. निकेश माझा साडू, सपनाच्या धाकट्या बहिणीचा, मोनालीचा नवरा. राखी बांधायला आलेली बहीण घरी बसवून तो गाडी काढून आला. इन्व्हर्टर सुरू झाला. अण्णाजी म्हणाले, निकेशबापूचा हातच तसा हाये. मी तिथंच चहा पीत होतो.

संकल्प: बॅटरी हा विषय या महिन्यात संपवायचा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल मिरवतात तेव्हा, आमच्या पोरीचा, काजलचा नंदी लायटिंगवर न्यायचा. बक्षीस अण्णाजींच्याच हातून आहे. गेल्या वर्षी निकेशच्या अंकिताला पहिला नंबर दिला. तिचा नंदी आमच्यापेक्षा बुटका होता.

११ ऑगस्ट, सोमवार

भंगारवाल्याकडून कारची जुनी बॅटरी आणली. नवी कोणीही आणेल. जुनी उठवून दाखवणं ही विद्या आहे. भंगारवाला म्हणाला, चांगल्या घरची आहे. आहेच. वर नेलपॉलिशनं स्वस्तिक काढलाय, खाली छोटंसं कमळ. कोणीतरी दसऱ्याला मनापासून पुजलेली.

सपना तो स्वस्तिक बराच वेळ पाहत राहिली. मग चहा ठेवायला गेली. इम्प्रेस झाली बहुतेक.

मल्टिमीटर लावला. ९.८ व्होल्ट. बाराच्या वर पाहिजे. अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

झाकणं उघडली. आत सहा कप्पे, त्यांना सेल म्हणतात. पाणी कमी होतं. डिस्टिल्ड वॉटर देताना दुकानदार म्हणाला, आता प्लेटा बुडतील एवढंच टाका, बाकी चार्जिंग झाल्यावर. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा ग्लास पाणी द्यायची पद्धत नाही. काठोकाठ भरलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

चार्जर आला. अंगणात लावला. पाच सेलांत छान बुडबुडे यायला लागले. सहावा गप्प. स्वभाव असतो एकेकाचा.

दुपारी सगळं उतू गेलं. हाताशी लाल सुती कापड होतं, त्यानं पुसून घेतलं. नंतर लक्षात आलं की सपनानं ते नंदीच्या झुलीसाठी आणलंय. वाळवून, घडी करून परत तिच्या शिलाई मशीनवर ठेवलं. काही म्हणजे काही दिसत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

१३.२!

चार्जर लावलेला असतानाच मोजलं. काढून मोजलं की उगाच तिच्यावर दडपण येतं.

मीटरचा फोटो स्टेटसला टाकला. खाली एकच शब्द: जिद्द. निकेशनं पाहिला, अंगठा पाठवला. नुसता अंगठा. लोकांच्या पोटात दुखतं ते असं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाहून आलो. चार्जर काल संध्याकाळीच काढला होता. आता १०.५.

मीटर स्वस्तातला आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

व्हिडिओ पाहिला. चांगला सेल दोन पूर्णांक एक व्होल्ट देतो. सहा मिळून १२.६. साडेदहा म्हणजे पाचांचाच हिशेब लागतो. व्हिडिओवाला म्हणे, एक सेल मेला की बॅटरी संपली, तिला चार्ज करत बसू नका. असल्या निगेटिव्ह लोकांमुळेच आपला भाग मागे आहे.

तरी खात्री केलेली बरी म्हणून हायड्रोमीटर आणला. काचेची पिचकारी असते, सेलमधलं ॲसिड ओढायचं, आतली काडी कुठवर तरंगते ते बघायचं. पाच सेलांत काडी हिरव्यावर. सहाव्यात बुडाशी बसून राहिली.

सहापैकी पाच पास. बोर्डात याला डिस्टिंक्शन म्हणतात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

लोड टेस्ट. हेडलाइटचा बल्ब जोडला. झक्क पेटला. मग पिवळा झाला. मग लाल. मीटर आठवर.

बल्ब खराब निघाला.

संध्याकाळी निकेशचा फोन. सपनाकडून कळलं म्हणे. पोळ्याला येऊनच राह्यलो, माझ्या गाडीची बॅटरी काढून लावू, आताच नवी टाकली, असं म्हणाला. मी नाही म्हटलं. चांगल्या चालत्या गाडीत नवी बॅटरी कशाला? पण ती खोडच आहे त्याची. नवं नवं पाहिजे.

या माणसाचा मला राग येतो. राग यावा असं तो काही बोलत नाही, त्याचा तर फारच येतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सपनानं झूल शिवली, शेवटचा हात म्हणून धुतली. धुतल्यावर चाळणी झाली. मी म्हणालो, उंदीर. तिनं विचारलं, उंदीर ॲसिड पिऊन आलता का. मी दुकानात काम आहे म्हणून निघालो.

परत आलो तर काजलनं सगळ्या भोकांवर कागदी फुलं चिकटवली होती. लायटिंगमध्ये कोणाला दिसणार आहे?

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

जेवण अण्णाजींकडे. दोन्ही जावई शेजारी शेजारी. निकेशच्या पानात पुरणपोळी दोनदा आग्रहानं पडली. मला विचारलं, घेता का? विचारण्यात आणि वाढण्यात फरक असतो.

शेवटी मी जाहीर केलंच, उद्या आमच्या नंदीवर लायटिंग आहे, बॅटरी मी स्वतः तयार केली. क्षणभर सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात अण्णाजी म्हणाले, "निकेशबापू, तुमी एक डाव पाहून घेजा."

घरी आल्याबरोबर बॅटरी नंदीच्या गाड्यावर बांधली आणि वर पोतं टाकलं. निकेश आणि मोनाली मुक्कामाला आमच्याकडेच आहेत. निकेशनं दोनदा विचारलं, दाखवा ना भाऊ. मी म्हणालो, उद्याच.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

लिहायची इच्छा नाही.

मैदानात नंद्यांची रांग लागली. आमचा नंदी अण्णाजींच्या खुर्चीसमोर आला तसं मी बटण दाबलं. लायटिंग लागली. शिंगं निळी, वशिंड हिरवं, शेपटीपर्यंत लाल. लोक वळले. अण्णाजी खुर्चीतून अर्धे उठले आणि माझ्याकडे पाहिलं. निकेशकडे नाही, माझ्याकडे. मला इतका आनंद झाला की मी उगाच नमस्कार केला.

मग शिंगं पिवळट झाली. मग सगळंच गेलं. अण्णाजी खाली बसले.

निकेश धावत आला. वायर निघाली असेल म्हणून त्यानं पोतं उचललं आणि थांबला. मोनाली वाकली, स्वस्तिकाखालच्या कमळावर बोट ठेवलं, सपनाकडे पाहिलं. निकेश हसला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "भाऊ, हे तं आमचीच बॅटरी हाये. मेकॅनिक म्हणे एक सेल गेला, म्हून म्या इथंच देवळीत भंगारात देल्ली. मले त्यातलं काई समजत नाई."

मी म्हणालो, अण्णाजींचा इन्व्हर्टर तर सुरू केला होता.

"त्याचं तं नुसतं बटन बंद होतं, भाऊ."

काजलला लाइट गेल्याचं काही नव्हतं. ती घंटा वाजवत पुढे निघाली. तिनं आणि अंकितानं दोन्ही नंदी एकामागे एक बांधले आणि घरोघर फिरून बोजारा गोळा केला. ओढणीत चॉकलेट, नाणी आणि बिस्किटं बांधून परत आल्या. पहिला नंबर तिसऱ्याच कोणाला मिळाला.

संध्याकाळी सपनाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, पहिल्याच दिवशी. मोनाली लहानपणापासून स्वस्तिकाखाली कमळ काढते. मग सांगितलं का नाही?

"सांगतलं असतं तं तुमी जेवले नसते. अन् किती दिवसानं खुश दिसून राह्यले होते."

२४ ऑगस्ट, रविवार

बॅटरी सकाळीच भंगारात परत देऊन आलो. भंगारवाल्यानं ओळख दाखवली नाही.

घरी पोचतो तर अण्णाजींचा फोन. माझ्या मोबाइलवर. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यांनी आपणहून मला केलेला हा पहिला फोन. इन्व्हर्टर पुन्हा बंद पडला म्हणे. मी उभाच राहिलो. मीटर खिशात टाकला, पायात चप्पल घातली, म्हणालो, आलोच अण्णाजी.

ते म्हणाले, "आवो, तुमी काऊन तकलीफ घेता? निकेशबापूचा फोन लागून नाई राह्यला. उठले असन तं त्यायले पाठवून देजा."

बटणच बंद असणार. मला माहीत होतं.

निकेश झोपला होता. मीच उठवलं.