श्रावणी सोमवारची सर्वसाधारण सभा

उदगीर

वडीलबंधूसमान राजशेखरअण्णांना विरूपाक्षचा शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा नांदेडच्या डॉक्टरचं तरी ऐकतो का? इकडं आम्ही दोघं खुशाल. तुमच्या बहिणीचा, म्हणजे आमच्या बसम्माचा, आवाज पहिल्यासारखाच खणखणीत आहे, यावरून काय ते समजा.

पत्रास कारण की, आपली डाळ मिल कंपनी मी वाचवली. (एकट्यानं नाही, पण उभा पहिला मीच राहिलो.) तुम्ही, मी, बसम्मा, सगळे भागधारक, लाभांश मात्र अजून कुणी डोळ्यानं पाहिला नाही. गेल्या साली तो आला आला म्हणेपर्यंत चेअरमन सटवाजीरावांनी त्याची गेटवर कमान बांधली. तिच्यावर कंपनीचं नाव बारीक आणि यांचं ठळक. असले ठराव पास कसे होतात, ते तुम्ही सभेला येत नाही म्हणून सांगतो. पंगत बसली, पानात जिलबी पडली की सेक्रेटरी वाचायला लागतो. चेअरमन विचारतात, "मंजूर?" भरल्या तोंडानं कोण काय बोलणार? सगळे "हूं" करतात. (जिलबी चांगली असते, हे कबूल केलं पाहिजे.)

यंदाचा ठराव जबर होता. स्टेशनजवळचं आपलं गोदाम चेअरमनच्या जावयाला तीस वर्षं नाममात्र भाड्यानं. तूर ठेवायला कंपनीला दुसरी जागा नाही. गोदाम गेलं की मिल बंद, अन् आपले शेअर रद्दीत. पण नव्या मॅनेजरनं काटकसर केली. मंगल कार्यालय सोमवारी निम्म्या भाड्यात मिळतंय म्हणून तीच तारीख धरली. सोमवार श्रावणातला, अण्णा. सगळं उदगीर उपाशी. जिलबीची ताटं समोर, अन् माणसं हात मांडीवर ठेवून ऐकून राहिलेली. कंपनी निघाल्यापासून ठराव पहिल्यांदा कुणाच्या कानात शिरला.

मी उठलो. म्हटलं, "गोदाम जावयाला, मग आमची तूर काय तुमच्या कमानीखाली रचायची?"

सटवाजीराव म्हणाले, "अप्पा, खाली बसा. उपासानं चक्कर येईल."

"चक्कर भाडं ऐकून आली हाय," मी म्हटलं.

मागं बाया हसल्या, जळकोटचा मलप्पा उठला, मग सगळेच उठले. हात वर करायला सांगितले तर ठरावाच्या बाजूनं चेअरमन, जावई आणि आचारी. (आचारी भागधारक नाही. त्याला वाटलं, कुणाचं बिल राहिलंय ते विचारतायत.) ठराव पडला. घरी येताना बसम्मा भेटेल त्याला थांबवून सांगत होती, "आमचे हे उठले म्हणून वाचलं, न्हाईतर गेलं होतं." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी अशी तारीफ तिनं आजवर केली नव्हती.

तुमचा,
विरूपाक्ष

ता. क. सटवाजीराव रुसून राजीनामा देऊन गेले आणि लोकांनी चेअरमन मला केलं. हार लई जड होता.

ता. क. दुसरा : गोदामाचं छत गळतं, हे खुर्चीवर बसल्यावर कळलं. म्हणून यंदाही लाभांश नाही, असं मी ठरवलं. बसम्माला ते पटलेलं नाही. भागधारक बाया गोळा करून ती आपल्याच अंगणात माझ्याविरुद्ध सभा भरवून राहिली आहे, अन् त्यांचा चहा मला करावा लागतो. ती तुमचं ऐकते. दोन दिवस या, तिला समजवा.

ता. क. तिसरा : हे पत्र तिनं वाचलं. जरूर या म्हणते. फक्त माझ्याकडं नाही, तिच्याकडं उतरायचं, असं बजावलंय. (घर एकच आहे, पण आल्यावर तुम्हाला कळेल.)