रेडिओ बंद आहे

शनिवार, १ नोव्हेंबर

झालं! बोलून बसले! आता निस्तरा!

बाईंनी वर्गात विचारलं, मुलांच्या हॉस्पिटलसाठी कोण काय करणार. परवा तिथल्या सिस्टर येऊन सांगून गेल्या — आजारी मुलांच्या आया रात्री फरशीवर झोपतात, कॉटशेजारी घडीची खाट हवी. अशा वीस. कुणी सायकल चालवणार, कुणी दोरीच्या उड्या मारणार, ओळखीच्यांनी त्यावर पैसे कबूल करायचे. मागच्या बाकावरून चष्मिस म्हणाली, रेडिओने आठवडाभर गप्प बसून दाखवावं, लोक रांगा लावतील. (रेडिओ म्हणजे मी. पहिलीपासून.) सगळे खो खो हसले. मी ताडकन उठले. म्हटलं, "बसते! सोमवारच्या प्रार्थनेपासून पुढच्या सोमवारच्या प्रार्थनेपर्यंत. एक शब्द निघाला तर कुणी एक पैसा देऊ नका."

शेवटचं वाक्य कुणी मागितलं होतं का? जिभेला काही हाड!

रविवार, २ नोव्हेंबर

चष्मिसला घेऊन दारोदार फिरले. किराणा दुकानदारकाका हसून हसून बेजार झाले, म्हणाले, लिही कितीही, द्यायचे थोडेच आहेत. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात मोठा आकडा लिहिला. तोंडात अवजारं असतानाही मी बोलत होते, हे त्या विसरलेल्या नाहीत. वरच्या मजल्यावरच्या हेडक्लार्ककाकांनी नियम दोनदा वाचून सही केली. माझ्या एकटीच्या गप्प बसण्याच्या चार खाटा होतात. चार!

प्रश्न आजोबांचा. बाकीच्यांना पाटीवर लिहून दाखवेन, पण त्यांची नजर जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना पेपर मी वाचून दाखवते, शाळेतलं सगळं मी सांगते. तोडगा त्यांनीच काढला — टकटक करायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मग स्वतःशीच हसले. म्हणाले, बसमध्ये आमचं वेगळं होतं. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. एकतीस वर्षं त्याच्या घंटीवर बस चालवली, आता नातीच्या टकटकीवर घर चालवू.

सोमवार, ३ नोव्हेंबर

दहा वेळा जीभ चावली. इतिहासाच्या तासाला उत्तर येत होतं, अगदी ओठांवर! चष्मिसने चिमटा काढून बघितला. नाही ओरडले.

संध्याकाळी पेपर तसाच घडी घातलेला. आजोबा म्हणाले, रेडिओ बंद तर बंद, शेजारची भांडणं ऐकू.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मी झोपेत बोलते म्हणे! आईने सांगितलं. बाईंना लिहून विचारलं, ते धरायचं का. नाही म्हणाल्या. हुश्श.

बुधवार, ५ नोव्हेंबर

लिहिते. नाहीतर कुणाला सांगू?

शाळेतून आले. जिन्यात रंगकाम चाललंय. रंगाऱ्याने बादली तिसऱ्या पायरीवर ठेवलेली, तो स्वतः खाली पाणी प्यायला गेलेला. आजोबा वरून एकटे उतरत होते, कठड्याला धरून. माझी पावलं त्यांना ओळखू येतात. म्हणाले, "कोण, रेडिओ? वाट मोकळी आहे का ग?"

मी घराच्या किल्लीने कठड्यावर ठोकलं. दोनदा ठोकायचं होतं. नाही, मोकळी नाही! एकदा ठोकलं आणि दप्तराचा पट्टा हातावर घसरला. आजोबा क्षणभर थांबले. मी हात सोडवून परत उचलला. तेवढ्यात त्यांनी पाऊल टाकलं.

एकदा. म्हणजे हो.

आणि मी ओरडले नाही. तोंड उघडं, आत काही नाही. ते पडताना नाही, पडल्यावरही नाही. शेजाऱ्यांची दारं बडवली. जिला गप्प बस, गप्प बस म्हणून शाळा दमली, ती मी!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन सोमवारी सकाळी साडेसातला.

आजोबा सगळ्यांना सांगतात, पाय घसरला. टकटकीबद्दल चकार शब्द नाही. मला वाचवतायत. आई त्या रंगाऱ्याला वाटेल ते बोलली, तो बिचारा कान धरून उभा. मी तिथेच होते. पाटी हातात होती. कोरी.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

भेटायला गेले. आजोबांनी विचारलं, "रेडिओ आलाय का?" कॉटच्या लोखंडी दांडीवर एकदा ठोकलं. त्या आवाजाने माझ्याच अंगावर काटा आला. ते हसले. ते हसतात कसे!

आई दोन खुर्च्या जोडून झोपते. पाय बाहेर लोंबकळतात. सकाळी मान वळत नव्हती तिची. सिस्टर वर्गात बोलत होत्या तेव्हा मी चष्मिसशी खाणाखुणा करत होते, आठवतंय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

बाईंनी वर्गात माझं कौतुक केलं. घरी एवढं झालं तरी पोरगी डगमगली नाही म्हणे. टाळ्या. मी वही शोधायच्या निमित्ताने दप्तरात डोकं घातलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

डॉक्टरांनी आईची सही घेतली. या वयात भूल द्यायची म्हणजे थोडा धोका असतो, असं म्हणाले. "थोडा" म्हणजे किती?

ऑपरेशन साडेसातला, माझं मौन सुटणार नऊला. मधे दीड तास. आजोबा आत गेले आणि परत आलेच नाहीत तर? नातीने हो म्हणून सांगून पाडलं, हे मनात घेऊन जातील? बोलले तर चार खाटा गेल्या. चार आया पुन्हा फरशीवर, माझ्या दोन वाक्यांपायी. आईला पाटीवर लिहून देऊ, ती वाचून दाखवेल? छे. हे दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं नसतं.

टकटकीत माफी कशी मागतात? किती वेळा ठोकायचं?

सोमवार, १० नोव्हेंबर

बोलले. सात वाजून दहा मिनिटांनी.

आई फॉर्म भरायला खिडकीशी गेली होती. मी कानाशी वाकले. आवाज माझा वाटेचना, घोगरा, गंजलेला. म्हटलं, "आजोबा, मी एकदाच ठोकलं. दोनदा ठोकायचं होतं. माझ्यामुळे पडलात तुम्ही."

त्यांनी माझा हात चाचपला. एवढंच म्हणाले, "अग, तुझं नऊला सुटणार होतं ना?" तोवर वॉर्डबॉयने गाडी ढकललीसुद्धा.

शाळेत प्रार्थनेनंतर बाईंनी माईक दिला, रेडिओचे पहिले शब्द ऐका म्हणून. मी सांगितलं, हे पहिले नाहीत. चष्मिस तेवढी पुढे आली आणि माझं दप्तर उचलून चालू लागली.

दुपारी आईचा फोन. ऑपरेशन नीट झालं. बाथरूममध्ये जाऊन मोठ्याने रडले. आवाज करून!

बुधवार, १२ नोव्हेंबर

यादी घेऊन पुन्हा दारोदार. आधी कबुली, मग वही पुढे. दुकानदारकाकांनी पुरते दिले, वर गोळी दिली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गणित केलं आणि दोन तासांचे कापून बाकीचे दिले. हेडक्लार्ककाका म्हणाले, नियम म्हणजे नियम. दार लावून घेतलं. बरोबरच आहे त्यांचं. तीन खाटा होतील. चौथी माझ्यामुळे राहिली.

आजोबा अजून गुंगीत आहेत. शब्द जोडून बोलत नाहीत. काय म्हणतील?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आजोबा नीट जागे झाले. आधी पाणी मागितलं, मग मला.

म्हणाले, "एकच वाजलं, ऐकलं की मी. एकतीस वर्षं, बाळा. एक घंटी झाली की पाय आपोआप थांबतो. थांबलोच होतो. मग डबल बेल नसताना गाडी काढली. चूक ड्रायव्हरची."

मला धीर द्यायला सांगतायत, असंच वाटलं. घरी येऊन ही वही मागे उलटली. बुधवार, ५ नोव्हेंबर. माझंच अक्षर: आजोबा क्षणभर थांबले.