चापाला बोट न लावता

॥ श्री ॥
वाडी, ता. अकोले
१० नोव्हेंबर २०२४

चि. आरतीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण, तुमच्या होस्टेलात मोबाईल कपाटात कोंडतात आन् मला बोलल्याशिवाय राहवत न्हाई. चौथीतनं शाळा सुटली, तवा काना-मात्रा तूच लावून घे.

भाऊबीज झाली, तू नगरला गेलीस, आन् तुझ्या बापानं तुझं ते छर्ऱ्याचं पिस्तूल ट्रंकेत घालून किल्ली करदोट्याला बांधली. मच्छिंद्र म्हणतो, दिवाळीत अंगणात सराव करताना पोरीनं चापाला बोट लावलं आन् वर खोटं बोलती, आपोआप उडालं म्हणून. आई, म्हंजी मी, दोन हातांवर बसली हुती, तिला लागलं असतं तर? डिसेंबरात तुझी निवड हाय, त्याच्या आधीच जीप घेऊन येतो आन् तुला घरी आणतो म्हणतो. नेमबाजी बंद.

मी तिथंच घेवडा सोलत हुते, पण माझी नजर शेंगांवर. आवाज ऐकला, बोट पाहिलं न्हाई. तवा मी त्याची साक्ष देणार न्हाई आन् तुझीबी न्हाई. नळी मिटताना बोट कुठं हुतं ते लिव्ह. खोटं मला वासावरनं कळतं.

पिस्तूलही बेइमानच. दसऱ्याला मी विळा-कोयत्याच्या रांगेत मांडलं, सगळ्यांपरीस जास्त तेल-हळद-कुंकू त्यालाच घातलं, आन् हे फळ.

तुझी आई बरी, म्हैस बरी. बापाचं तोंड तेवढं वाकडं हाय. माया हाय तशी ठेव.

तुझी आजी,
पुष्पावती


नगर
१४ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस नातीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षर लागेना म्हणून, नंतर रडू येत होतं म्हणून.

बोट चापावर नव्हतं, आजी. चापाच्या कडीबाहेर, सरळ होतं. नळी बिजागरीवर मोडून छर्रा भरला, परत मिटली आणि मिटतानाच पिस्तूल उडालं. मिटताना नळी निशाणामागच्या मातीच्या ढिगाकडेच धरायची, ही नेमबाजी शिकवणाऱ्या सिल्व्हिया मॅडमनी आम्हाला लावलेली सवय. बाकी काही नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण खरंही धरलं नाही. म्हणाल्या, आत एक आकडा असतो, तो स्प्रिंग अडवून धरतो. तो पुरता बसला नाही, तर मिटण्याच्या धक्क्यानंही सुटतो. पण बोटानंही सुटतं. तेव्हा आधी तपासा. तोवर निवडीला जायच्या यादीत माझं नाव फक्त पेन्सिलीनं आहे.

तपासायचं असं. छर्रा घालायचा नाही. नळी मोडल्यावर ती रिकामी आहे ना ते बघायचं. मग तोंड तुसाच्या पोत्यात ठेवून, चापाला न शिवता मिटायचं. एकदोनदाच, रिकामं उडवलं की स्प्रिंग बिघडते. आणि हे बाबांच्या हातून करव. एक स्क्रूसुद्धा खोलू नकोस! रेडिओचं काय केलंस ते माहीत आहे मला.

मला परत यायचं नाही, आजी. खोटारडी ठरून तर मुळीच नाही.

तुझी लाडकी (म्हणजे होते ती),
आरती


॥ श्री ॥
वाडी
२४ नोव्हेंबर २०२४

चि. आरतीस आजीचे आशीर्वाद, हे आधीच्याहून मोठे.

रेडिओ आधीच मेला हुता. मी त्याचं पोट उघडून पाहिलं एवढंच.

बापाला तयार करायला काय लागलं न्हाई. मी म्हणाले, तू भितोस. किल्ली लगेच करदोट्यातनं सुटली.

तुसाचं पोतं भिंतीला टेकवलं. तुझ्या आईला घरात घातलं, म्हैस पल्याड बांधली. नळी मोडून आभाळाकडं धरली, आरपार उजेड दिसला. मग मच्छिंद्राचं ते चापाचं बोट मी चिंधीनं शेजारच्या बोटाला बांधलं. तो म्हणाला, आई, हे काय पोरखेळ. मी म्हणाले, पोरीची अब्रू हाय, खेळ न्हाई.

त्यानं पिस्तुलाचं तोंड पोत्यात घालून नळी मिटली. फट्ट! तूस उडून मिशांत बसलं. म्हणाला, माझा हात जोरात पडला. मग हळू मीट, मी म्हणाले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवावा तसं हळू मिटलं, तरी फट्ट. तिसऱ्यांदा मी करू दिलं न्हाई.

पिस्तूल ओट्यावर ठेवून तो आत गेला. चिंधी सोडायचंबी सुचलं न्हाई, तसाच जेवला. पोरीला मी काय काय बोललो, असं भिंतीला म्हणाला. भिंत काही बोलंना, म्हणून मी बोलले. ते इथं लिहीत न्हाई.

पिस्तूल दुरुस्त करायला तो नगरला येतोय. आधी पाणी विचार, मग भांड.

आजी


नगर
२ डिसेंबर २०२४

ती. आजीस शि. सा. न.

बाबा आले. भांडायचं ठरवलं होतं, पण त्यांच्या मिशीत अजून एक तूस दिसलं आणि हसूच आलं.

मॅडम आम्हाला त्यांच्या ओळखीच्या कारागिराकडे घेऊन गेल्या. त्यानं पिस्तूल खोललं, आकड्याच्या खाचेतून सुईनं काहीतरी खरवडलं, नखावर घेऊन वास घेतला आणि बाबांना विचारलं, याला हळद कुणी लावली, लग्न ठरलं होतं का याचं? तेल आणि हळदकुंकू फटीतून आत उतरून वाळलं होतं. त्यामुळे आकडा अर्धाच बसत होता. बाबा लाल झाले. मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, आमच्या चर्चची वाजवायची पेटी तुझ्या आजीपासून लांब ठेवायला हवी. कारागीर म्हणाला, आकडा चांगला आहे, फक्त साफ करावा लागला.

होस्टेलच्या दारात बाबा जीपच्या टायरकडे बघून म्हणाले, माझं चुकलं. मॅडमनी यादीत माझं नाव आता शाईनं लिहिलंय.

आजी, तू माझी बाजू घेतली नाहीस, त्याचेच उपकार. घेतली असतीस तर बाबा म्हणाले असते, नातीला पाठीशी घालतेस. तू विचारलंस, मग करून बघितलंस. असं कुणी विचारलं नव्हतं मला.

तुझी,
आरती


॥ श्री ॥
वाडी
८ डिसेंबर २०२४

चि. आरतीस आजीचे आशीर्वाद, मॅडमबाईंना नमस्कार.

हळदीचं कळलं. म्हणजे पिस्तूल मी बिघडवलं आन् मला वाचवलंस तू. तुला ती ढिगाकडं धरायची सवय नसती, तर दिवाळीच्या फराळाऐवजी माझ्या दहाव्याला जेवला असता तुम्ही. आभार मानायची मला सवय न्हाई, तोंड अवघडतं. बापाबरोबर नवा तांदूळ पाठवतीये. अर्धा त्या मॅडमला दे, सवय तिनं लावली. अर्धा तुला, ती तू पाळलीस.

काल अकोल्याहून येताना मी जीपमध्ये मागं बसले हुते. एक पाहुणा मच्छिंद्राला म्हणाला, पोरीच्या हाती पिस्तूल देता व्हय, उद्या चुकून बोट लागलं म्हंजी? तुझ्या बापानं चढावरच गाडी उभी केली. मला वाटलं, आता ह्याला खाली उतरवतो. पण मागं वळून एवढंच म्हणाला, की माझी पोरगी सांगती बोट लावलं न्हाई, म्हंजी न्हाई लावलं. आन् गिअर टाकला.

घरी उतरल्यावर मी त्याला आपल्या हातानं पाणी दिलं. तशी मी देत न्हाई, तुला ठाऊक हाय.

निवड झाली तर कळव, न्हाई झाली तरी कळव. माझी माया निकालावर न्हाई.

तुझी आजी,
पुष्पावती