नखांचा नमुना

३ फेब्रुवारी
आजपासून सृष्टीला तेल लावायचं नाही. ऋतुजा म्हणाली, "आई, प्लीज. नखांचं काय ते कळेपर्यंत." रविराज मोबाइलमध्ये बघत बसला. माझ्याच पोटचा!
माझ्या उजव्या हाताची नखं पिवळी, जाड, कडेला भुगा होणारी. नात चार महिन्यांची. सून बरोबर बोलते — तेच जास्त वाईट.

५ फेब्रुवारी
डॉक्टरांना बुरशी वाटते. पण गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, यकृताला त्रास होऊ शकतो. म्हणून आधी तपासणी. उद्या लॅब.
संध्याकाळी नखं कापली. अगदी मुळाशी. घासली, धुतली, कपाटातलं मलम चोळलं. नोकरीभर दर सोमवारी वर्गातल्या पोरांची नखं तपासली. लोकांपुढे असला हात कसा न्यायचा?

६ फेब्रुवारी
लॅबमधल्या मुलीने माझा हात उलटसुलट करून पाहिला. "आजी, नमुना घरीच ठेवून आलात की!"
त्यांना नखच हवं होतं. आणि नखाखालचा भुगा. त्यात मलम — असलेली बुरशीही मग सापडत नाही म्हणे.
"घरून आणू का? केरात असतील."
"केरातली बुरशी तपासायचीय का आपल्याला? वाढू द्या. काही लावू नका. दोन महिन्यांनी या."
खराडीला घरी येईपर्यंत रिक्षात मुठी मिटून बसले.

१२ फेब्रुवारी
सृष्टीला सांभाळायला चंपा आली. मूळची बीडकडची. नखांना लाल पॉलिश. सृष्टी तिच्या मांडीवर लगेच झोपली.

२ मार्च
नखं वाढत नाहीत.

७ एप्रिल
नमुना दिला. काचपट्टीवर थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काही दिसलं नाही. "तेवढ्यावर ठरत नाही आजी. बाटलीत बुरशी वाढते का बघू. चार आठवडे."
माझ्या नखाचा भुगा चार आठवडे उबेत राहणार. भाग्यवान आहे.

२८ एप्रिल
सृष्टी सरपटत माझ्या दारापर्यंत आली. मी हात मागे घेतले. तिने जरा वेळ पाहिलं. मग वळली.

९ मे
रिपोर्ट आला. बुरशी नाही! डॉक्टर म्हणाले, "वय झालं की होतात अशी नखं. उपाय नाही, अपायही नाही."
ऋतुजा म्हणाली, "बरं झालं, आई." थोड्या वेळाने — "पण आता तिला चंपाची सवय झालीय. तुम्ही कशाला दमता?"
तरी सृष्टीला उचललं. केवढ्याने किंचाळली! चंपाने घेतली. गप्प.
तेल चंपाच लावते. मी वाटी कोमट करून देते.

१२ मे
चंपाच्या अंगठ्यावरचं पॉलिश निघालंय. खाली पिवळं. जाड. कडेला भुगा.
मी बघितलं तशी तिने मूठ मिटली. "आजी, वहिनींना नका ना सांगू. काढून टाकतील मला."
सांगितलं तर उद्यापासून सृष्टी माझी. रडेल चार दिवस. मग होईल सवय.
सृष्टी तिचा पदर ओढत होती.
ऋतुजाच्या कपाटातून लाल बाटली आणली. चंपाला म्हटलं, "हात पुढे कर." मीच लावलं.