मोठ्या टाकीतल्या जिवांबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली मदतनीस, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचेही दडपण नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण "ताईच्या डोक्यावर परिणाम झाला होता" असे माझा धाकटा भाऊ म्हणणार, हे मला आजच ऐकू येत आहे. याआधीच्या मृत्युपत्रात सर्व काही त्याच्या नावे होते. ते रद्द.

कलम १. आई गेली तेव्हा भाऊ अकरा वर्षांचा होता, मी तेवीस. त्याला मी वाढवले. माझ्या लग्नाचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा त्याची परीक्षा होती. ही तक्रार नव्हे, नोंद आहे.

कलम २. घराचा वरचा मजला माझ्या मालकीचा आहे. तो माझ्या भावजयीस, तिच्या एकटीच्या नावे. शेजारी नवऱ्याचे नाव जोडू नये.

कलम ३. कारण. माझ्या खोलीत एकोणीस वर्षे दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी होती. तीत नारिंगी पट्टेरी माशांची जोडी आणि एक समुद्रफूल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा फुलासारखा जीव. मादीला मी थोरली म्हणे. तिचा उजवा पर आखूड होता. काचेला बोट लावले की ती येई.

मागच्या वर्षी खुब्याचे हाड मोडून मी सतरा दिवस रुग्णालयात होते. त्याच दिवसांत भावाचे साहेब जेवायला येणार होते. म्हणून त्याने खाली दिवाणखान्यात सातशे लिटरची टाकी आणवली, सकाळी पाण्यात मीठ कालवले आणि दुपारी मासे सोडले. माशांची घाण पचवणारे जंतू नव्या टाकीत वसायला दीड महिना लागतो. जुन्या खडकांत ते होते, पण खडक चांगले दिसावेत म्हणून त्याने ते साबणाने घासून काढले. भावजय म्हणाली होती, "अहो, ताईंना एक फोन तरी करा." तो म्हणाला, "माशांसाठी आता परवानगी काढू?"

साहेब जेवून गेले. तिसऱ्या दिवशी मासे मेले, समुद्रफूल विरघळले.

मला मात्र रोज फोनवर, "मजेत आहेत गं सगळे." मी हसून फोन ठेवत असे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही सांगत असे.

घरी आले, काचेला बोट लावले. मासा खडकामागे पळाला. दोन्ही पर धड.

"ही थोरली नाही."

"जागा बदलली ना, बुजली असेल."

मी काचेवरून बोट काढले नाही, तेव्हा म्हणाला, "मासाच तो, ताई. आणला ना दुसरा! अगदी मापाचा."

मेलेलीचा फोटो दुकानदाराला दाखवून त्याने माप जुळवले होते. मासे मारणे हा अडाणीपणा होता, तो मी गिळला असता. फोटो काढणे हा अडाणीपणा नव्हे.

नवी जोडीही वर येऊन धापा टाकत होती. त्यांचा काय गुन्हा? भावाने गच्चीत फेकलेली जुनी टाकी भावजयीने खाली माझ्या खोलीत आणली. दुकानदाराने ओशाळून स्वतःच्या टाकीतले मुरलेले खडक दिले. मी खुर्चीतून सांगत गेले, ती करत गेली. जोडी जगली. पण जुनी टाकी कोपऱ्यातून पाझरू लागली, तेव्हा मोठीच तयार करावी लागली. सात आठवडे रोज पाणी तपासले. मग दिवे मालवून मासे बादलीत घेतले आणि सलाईनच्या नळीने दोन तास थेंबथेंब नवे पाणी त्यात सोडले. शेवटी भावजयीने ते हलकेच मोठ्या टाकीत सोडले. भाऊ मोबाइल घेऊन आला. "नीट आलं नाही गं. पुन्हा एकदा सोड ना."

आता मासे बघायला मला एक मजला उतरावे लागते.

कलम ४. मोठी टाकी भावाच्या पैशांची, म्हणून काच त्याची. आतले पाणी, खडक आणि जीव भावजयीचे. तिला ते कुठेही न्यायचे असल्यास पद्धत निळ्या वहीत आहे. भावाने जाळी हातात धरू नये.

कलम ५. बँकेत जे उरेल तेही भावजयीस. माझा क्षारमापक प्रयोगशाळेला. तिथला जुना माझ्याच हातून फुटला होता. तेव्हा मी शिपायाला बोलणी खाऊ दिली. तो आता हयात नाही.

कलम ६. भावास त्याची शाळेची प्रगतिपुस्तके. सर्व आहेत.

कलम ७. परवा तो वर आला, दारातच उभा राहिला. "ताई, बोलणार नाहीस? अजून किती दिवस?"

"मी आहे तोवर."

"आणि मग?"

त्याला तेव्हा उत्तर दिले नाही, ते येथे देते. माणूस गेले की त्याने क्षमा केली असे लोक धरून चालतात. माझ्याबाबत तसे धरू नये. हे कलम माझ्या मृत्यूनंतरही लागू राहील.

आमच्या समक्ष सही झाली:
१. मासेविक्रेता (फोटोवरून मासा देणारा तोच. स्वतःहून आला.)
२. समोरच्या घरातील शिवणकाम करणाऱ्या बाई

स्थळ: राहते घर, वरचा मजला
दिनांक: अकरा फेब्रुवारी

(सही)